राक्षसाचं पडणं

“आणि ह्यो खय चललो?”

लवूतात्या राऊळांनी लॅपटॉपच्या पडद्यावर बोट ठेवलं. पडद्यावरच्या योद्ध्यानं समोरच्या राक्षसावर तलवारीचा वार केला होता, आणि राक्षस हवेतून उडत थेट पडद्याबाहेर निघून गेला होता.

“कुठे नाही,” ऋजुता म्हणाली. “त्याला लागलं.”

“लागला?” तात्यांनी चष्मा कपाळावर चढवला. “माका वाटला, आपला काम झाला म्हणान घराक चललो.”

ऋजुता हसली नाही. ती पुण्याहून अकरा तास गाडी चालवून वेंगुर्ल्याकडच्या या गावात आली होती, आणि थट्टा ऐकायला आली नव्हती.

ती कॉम्प्युटरवरचे खेळ बनवणाऱ्या एका कंपनीत होती. त्यांच्या नव्या गेममधली सगळी लढाई तिच्या हातची. कोणी कोणाला मारायचं, किती जोरात, मारल्यावर समोरच्याचं काय व्हायचं, हे सगळं ती ठरवायची. वय बत्तीस. या कामात आपल्या तोडीचं शहरात कोणी नाही, असं तिला वाटायचं. आणि ते फारसं खोटंही नव्हतं.

पण चार वर्षं खपून बनवलेला गेम लोकांना खेळायला दिला, तेव्हा सगळे एकच बोलले. चित्रं सुंदर आहेत. आवाज सुंदर आहेत. पण मारलं तरी लागत नाही.

तिनं वाराचा जोर वाढवला. शत्रू दीड मीटर मागे जायचा, तो तीन मीटर जाऊ लागला. मग सहा. लोक म्हणाले, आता तर तो कागदाचा वाटतो.

महिनाभरात काही जमलं नाही तर तिचं काम दुसऱ्याकडे जाणार होतं.

तेव्हा ऑफिसातला आवाजाचं काम बघणारा मुलगा तिला म्हणाला होता, “आमच्या गावाकडे एक म्हातारा आहे. दशावतारात होता. चाळीस वर्षं त्यानं फक्त मार खाल्लाय.”

हाच तो म्हातारा. वय चौऱ्याहत्तर. उंच हाडाचा, गुडघ्यांना फडकी बांधलेला. नाटकमंडळीत जन्मभर राक्षस झालेला, आणि रोज पहाटेपर्यंत कोणत्या ना कोणत्या देवाच्या हातून मेलेला.

“चाय घे, चेडवा. थंड होता.”

ऋजुतानं कप उचलला नाही. तिनं समजावून सांगायला घेतलं. वार बसल्यावर शत्रू मागे फेकला जातो, त्याला आमच्याकडे नॉकबॅक म्हणतात. फेकला न जाता तो नुसता डगमगला, आणि थोडा वेळ त्याला हात उचलता आला नाही, तर तो स्टॅगर. वार जिथे बसतो तिथे सेकंदाच्या साठाव्या भागाच्या हिशेबानं चित्र थांबवायचं. चार भाग, पाच भाग. तिनं चौदा प्रकारचे वार केले होते. प्रत्येकाचा आकडा तिला पाठ होता.

तात्यांनी सगळं नीट ऐकलं. देवळात पोथी ऐकतात तसं.

“मारणारो कोण?”

“नायक.”

“तेका कोण मारता?”

“सगळेच मारतात. पण तो डगमगत नाही. कितीही मारा, तो अढळ आहे. ते मीच ठरवलंय.”

“बिचारो,” तात्या म्हणाले.

...

“आणि ह्यो मार खाणारो? नाव काय तेचा?”

“त्यांना नावं नाहीत. सहा प्रकार आहेत. क्रमांक आहेत.”

तात्यांनी पडद्याकडे पुन्हा एकदा पाहिलं. तिथे तीन क्रमांकाचा राक्षस पुन्हा उभा राहिला होता, पुन्हा उडून जाण्यासाठी.

“नाव नाय,” ते म्हणाले, “मगे तो पडतलो कोणासाठी?”

 ऋजुतानं बॅग उघडली आणि आतला काळा पोशाख काढून खाटेवर पसरला. अंगाला घट्ट बसणारा, सांध्यासांध्यावर करड्या गोळ्या लावलेला. हा घालून तात्यांनी वीस-पंचवीस वेळा पडून दाखवायचं, एवढंच तिचं म्हणणं. त्यांच्या अंगाची प्रत्येक हालचाल यंत्र टिपून घेईल. दोन तासांचं काम. संध्याकाळी ती परत निघेल.

तात्यांनी पोशाखाच्या बाहीवर हात फिरवला.

“ह्या सोंग हयच ठेव,” ते म्हणाले. “उद्या सकाळी देवळात ये. रिकाम्या हातान ये.”

*

सकाळी देवळाचा सभामंडप रिकामा होता. नुकताच सारवल्यासारखा गारवा जमिनीला होता, आणि आत कुठेतरी समईचं तेल जळत होतं.

“ढकल माका.”

ऋजुतानं त्यांच्या खांद्याला हात लावला आणि हलकेच ढकललं. तात्या हलले नाहीत.

“जोरात.”

तिनं जोर लावला. तात्या तीन पावलं मागे गेले, खांबाला पाठ टेकली. ती दचकली. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस.

“लागलं का?”

“नाय. ढकलला गेलंय.” तात्यांनी धोतर झटकलं. “ढकलला जाणा येगळा. लागणा येगळा.”

कोपऱ्यातून त्यांनी एक लाकडी तलवार आणली. रंग उडालेली, मूठ सुताच्या दोऱ्यानं आवळलेली. ती त्यांनी तिच्या हातात दिली.

“मार. अंगाक लावू नको. एक वीत अलीकडे थांब.”

ऋजुतानं तलवार फिरवली. छातीपासून वीतभर अलीकडे थांबवली.

तात्या थांबले.

नुसते थांबले. डोळे तिच्यावर. हात होते तिथेच. मंडपात काहीच हललं नाही... तिला वाटलं, ते विसरले बहुतेक.

मग त्यांच्या डोळ्यांत काहीतरी बदललं. मान किंचित खाली आली, छातीकडे, जणू तिथे काय आहे ते बघायला. ओठ उघडले. उजवा पाय मागे गेला आणि त्याला जमीन सापडली नाही. पुन्हा गेला. गुडघा वाकला, सावरला, पुन्हा वाकला. आणि मग तो एवढा मोठा देह जमिनीवर आला, एखादी जुनी भिंत पावसात आधी आतून आणि मग बाहेरून खचावी तसा.

ऋजुताच्या हातातली तलवार हवेत तशीच राहिली होती.

तिनं तलवार त्यांना लावलीच नव्हती. तरी तिला आपल्या मनगटात झिणझिण्या आल्यासारखं झालं.

तात्या जमिनीवरूनच बोलले.

“लागता तेका पयला कळणा नाय. मगे कळता. कळला तरी इस्वास बसणा नाय. सगळ्यात शेवटी पायांक कळता.” ते कोपरावर उठून बसले. “तू पायांपासून सुरुवात करतंस. म्हणान तुझो राक्षस उडता.”

“आणि मारणारा?” ऋजुतानं विचारलं. तिचा आवाज नकळत खाली आला होता. “त्या वेळी त्यानं काय करायचं?”

“तुया काय केलंस?”

तिनं आपल्या हाताकडे पाहिलं. तलवार अजून वर होती.

“थांबले.”

“थांबतलंसच. मारणारो पयलो थांबता.”

मग तात्यांनी तोच वार आणखी दोनदा घेतला. एकदा तरुण राक्षस होऊन, ज्याला आपण मरू शकतो हे ठाऊकच नाही. एकदा बाप होऊन, ज्याचा मुलगा आधीच पडलाय आणि ज्याला हा वार हवाच होता. वार एकच. पडणं तिन्ही वेळा वेगळं. तिसऱ्या वेळी ते पडले तेव्हा ऋजुतानं तलवार खाली ठेवली, आणि तिला पुन्हा उचलवेना.

“आता तुझी पाळी.”

तात्यांनी तलवार घेतली आणि तिच्यासमोर उभे राहिले. वार आला. वीतभर अलीकडे थांबला.

ऋजुता हलली नाही.

पुन्हा आला. ती हलली नाही. तिसऱ्या वेळी तिनं पडायचं ठरवलं, आणि वार यायच्या आधीच मागे गेली.

“तुका मारल्यार तू हलणंस नाय,” तात्या म्हणाले.

“मला सवय आहे.” तिनं केस मागे सारले. त्या बोलण्यात थोडा तोरा होता, आणि तो तिला स्वतःलाही ऐकू आला. “ऑफिसात कोणी काही बोललं, घरी कोणी काही बोललं, मी हलत नाही. म्हणून तर टिकले.”

तात्यांनी तलवार कोपऱ्यात टेकवून ठेवली.

“बरा,” ते म्हणाले. “मगे मारणाऱ्यान जावचा खय?”

तिला वाटलं ते पुढे काही बोलतील... पण ते समईकडे गेले, वात पुढे सारली, आणि हात जोडून उभे राहिले.

*

तिसऱ्या दिवशी दुपारी चारला तात्यांनी छत्री घेतली आणि चपला घातल्या.

“ये माझ्याबरोबर. कॅमेरो नको.”

नारळाच्या बागांमधून वाट जात होती. चालताना तात्यांनी सांगितलं ते एवढंच. दामू मोरजकर. मंडळीतला राजा. कधी राम, कधी कृष्ण, कधी विष्णू, पण लोकांना तो राजाच. एकतीस वर्षं रोज रात्री त्यानं तात्यांना मारलं. दोन वर्षांपूर्वी त्याच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू लुळी पडली. वाचाही गेली.

“भांडण झालं होतं का कधी तुमचं?”

“रोज,” तात्या म्हणाले. “कोणाच्या टाळ्यो जास्त, तेच्यार.”

घरापुढचं खळं झाडून स्वच्छ केलेलं होतं. पडवीत खुर्चीवर एक बारीक, गोरा म्हातारा बसला होता. मान एका बाजूला कललेली. मांडीवर पांघरूण. त्यांची सून रेशमा त्यांच्या ओठांचा कोपरा पदरानं टिपत होती. तात्यांना बघून ती बाजूला झाली, आणि ऋजुताला तिनं हातानं खूण केली, इथे माझ्याजवळ उभ्या राहा.

तात्यांनी छत्री ठेवली. चपला काढल्या. खळ्याच्या मध्यभागी गेले.

आणि त्यांचा आवाज बदलला. घरची मालवणी गेली. उरली ती रंगभूमीवरची भाषा, एकेक अक्षर छाती भरून काढलेलं.

“हे राजा, तीन लोक मी जिंकले. तुझं मस्तक तेवढं उरलं. आज एकतर तू, नाहीतर मी.”

खुर्चीतल्या म्हाताऱ्याच्या डोळ्यांत काहीतरी जागं झालं.

तात्या दोन्ही हात पसरून पुढे आले. पायांचा ठेका, झांज नसताना झांजेचा. एक गिरकी. दुसरी. गुडघ्यातून कट्कन आवाज आला, तो ऋजुताला पडवीत ऐकू आला. ते थांबले, छाती पुढे काढून, दहा हातांवर.

दामूंचा डावा हात मांडीवरून उठला.

चार बोटं उठला असेल. थरथरत. बोटं नीट मिटत नव्हती. त्या हातात तलवार नव्हती, त्या हातात चहाचा कपही राहिला नसता. हात तेवढा उठला, आणि किंचित पुढे झाला.

तात्या थांबले.

...

खळ्यात एक पान पडलं तेवढंच. ऋजुता तात्यांकडे बघत होती, पण मग तिची नजर आपोआप खुर्चीकडे वळली. दामूंचा हात हवेत थांबला होता. थरथर थांबली होती. दोन वर्षं ज्या हाताला कोणी काही करू देत नव्हतं, तो हात वाट बघत होता. आपलं पोचलं का, ते बघत होता.

तात्यांची मान खाली आली. छातीकडे. डोळ्यांना विश्वास बसेना. एक पाय मागे. जमीन नाही. दुसरा पाय. गुडघा गेला, सावरला, गेला... आणि तीन लोक जिंकलेला राक्षस खळ्यात आडवा झाला. धूळ उडाली. चौऱ्याहत्तर वर्षांचं हाड जमिनीवर आपटल्याचा आवाज खरा होता.

दामूंच्या तोंडाचा डावा कोपरा वर गेला. घशातून एक आवाज आला. शब्द नव्हता तो. पण ऋजुताला कळलं, हा माणूस जिंकलाय.

रेशमानं तोंड फिरवलं.

दामूंचा हात पुन्हा मांडीवर येईपर्यंत तात्या उठले नाहीत. हात खाली आला, तसे ते आधी कोपरावर, मग गुडघ्यावर, मग जमिनीला हात टेकून उभे राहिले. पडवीत येऊन दामूंशेजारी पायरीवर बसले. दोघांना रेशमानं पेज आणून दिली. तात्या एक घास दामूंना भरवत होते, एक आपण खात होते. 

“रोज येतात?” ऋजुतानं हळूच विचारलं.

“रोज,” रेशमा म्हणाली. “ताप असला तरी. डॉक्टरनी यांना गुडघ्यावर पडायचं नाही म्हणून बजावलंय. मी पण सांगून दमले.” ती थोडी थांबली. “मामंजी दिवसभर असेच पडून असतात हो. काय केलं तरी मेल्यासारखे. चार वाजत आले की डोळे उघडतात.”

*

त्या संध्याकाळी ऋजुता गावाच्या टोकाला, समुद्राकडे उतरणाऱ्या दगडी पायऱ्यांवर बसली होती. ऊन अजून पाण्यावर होतं. तिनं आईला फोन लावला.

आई कराडला एकटी राहायची. शिक्षिका म्हणून निवृत्त झालेली. पूर्वी आईचं बोलणं सुईसारखं असायचं. ऋजुतानं त्यावर एक उपाय काढला होता. आई काहीही बोलली की ती म्हणायची, हो आई, बघते. मागच्या वर्षी आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा ऋजुता कामात होती. त्यानंतर आई फोनवर काहीतरी बोलली होती. ऋजुता म्हणाली होती, हो आई, बघते. तेव्हापासून आईनं तसं बोलणं सोडून दिलं. दर रविवारी फोन व्हायचा. हवा, दूध, भाजी. ऋजुताला वाटायचं, घरात शांतता आली.

“आई, ऑपरेशननंतर तू मला काय म्हणाली होतीस?”

“आता काय त्याचं?”

“परत म्हण.”

“कशाला ग? झालं ते झालं.”

“म्हण ना, आई.”

पलीकडे आईनं पंखा बंद केल्याचा आवाज आला.

“मी म्हणाले होते,” आई म्हणाली, “डोळ्याला पट्टी होती, आणि मला वरच्या मजल्यावरच्या परक्या माणसानं हात धरून घरी आणलं. जिन्यात त्यानं विचारलं, तुम्हाला कोणी नाही का. मी म्हटलं, नाही.”

ऋजुताच्या ओठांवर नेहमीचे शब्द आले. तिनं ते येऊ दिले नाहीत.

ती थांबली. आधी काहीच कळलं नाही. मग छातीच्या मध्यभागी, जिथे काल ती लाकडी तलवार वीतभर अलीकडे थांबली होती, तिथे काहीतरी आत गेलं. तिनं हातानं दगड धरला. पाय पायरीवर होते, तरी तिला पायाखाली पायरी लागेना.

“ऋजू? आहेस ना?”

“लागलं,” ऋजुता म्हणाली.

...

“काय लागलं? पडलीस का कुठे?”

“नाही. तू बोललीस ते लागलं, आई. खूप लागलं.”

 आई बोलली तेव्हा तिचा आवाज ऋजुताच्या लहानपणीचा होता, शाळेतून दमून आल्यावरचा.

“जास्त बोलले का ग मी?”

“नाही.”

“जेवलीस का?”

“नाही अजून.”

“मग आधी जेव. आणि तिथे कुठे पायऱ्या-बियऱ्यांवर बसू नकोस, शेवाळ असतं.”

*

चौथ्या दिवशी तात्यांनी काळा पोशाख घातला, आरशात पाहिलं, आणि ‘ह्यो कसलो राक्षस’ म्हणून स्वतःच हसले. वीस वेळा पडले. यंत्रानं सगळं टिपलं. दामूंच्या खळ्यातलं पडणं मात्र ऋजुतानं टिपायला मागितलं नाही.

महिन्यानं ती पुन्हा आली. या वेळी वाटेत कराडला दोन दिवस राहून आली. लॅपटॉप तात्यांच्या खाटेवर ठेवला आणि काही न बोलता खेळ सुरू केला.

योद्ध्यानं वार केला. राक्षस उडाला नाही. तो थांबला. योद्धाही थांबला. राक्षसानं खाली, आपल्या छातीकडे पाहिलं. एक पाऊल चुकलं. दुसरं चुकलं. सहा मीटर जाणारा राक्षस आता हातभरही मागे गेला नव्हता. गुडघ्यावर आला तेव्हा पडद्याच्या खाली त्याचं नाव उमटलं. सगळ्यांना नावं होती आता.

पुढच्या राक्षसानं योद्ध्याला मारलं. योद्धा डगमगला.

“कंपनीतले चिडले होते,” ऋजुता म्हणाली. “नायक डगमगतो म्हणजे काय, म्हणाले. मग त्यांतल्याच एकानं खेळून पाहिलं. त्यानं पहिला राक्षस पाडला, आणि हातातलं कंट्रोलर खाली ठेवून दिलं. बराच वेळ उचललंच नाही. म्हणाला, या राक्षसाचं आता काय होणार?”

“मगे?”

“मग काम माझ्याकडेच राहिलं.”

तात्या पडद्याकडे बघत होते. तिथे दोघंही उभे होते, एकमेकांसमोर, श्वास घेत.

“आता तेंका एकमेकांची वळख झाली,” ते म्हणाले.

चार वाजत आले होते. तात्यांनी छत्री घेतली. ऋजुता त्यांच्या मागे निघाली. वाटेवर ते पूर्वीपेक्षा हळू चालत होते, आणि चढावर त्यांनी पहिल्यांदाच तिच्या खांद्यावर हात ठेवला.

पडवीत खुर्ची नव्हती. दामू आता खुर्चीत बसू शकत नव्हते. रेशमानं त्यांची खाट खळ्याकडच्या खिडकीशी लावली होती, आणि उशीवर उशी ठेवून मान वर केली होती. खिडकीच्या गजांतून तो चेहरा दिसत होता, पांढरा, ओढलेला. मागच्या आठवड्यात दुसरा झटका येऊन गेला होता.

तात्या खळ्यात गेले. चपला काढल्या.

“हे राजा...”

गिरकी आता एकच घेतली. तीही अर्धी. दहा हातांवर उभे राहिले, छाती पुढे काढून.

डावा हात चादरीवर पडला होता. तो उठला नाही.

तात्या वाट बघत राहिले. ऋजुताही. रेशमानं ओठ घट्ट मिटले होते. खिडकीतला चेहरा तसाच... डोळे तेवढे तात्यांवर लावलेले.

मग दामूंच्या पापण्या मिटल्या. सावकाश. आणि उघडल्या.

तात्या थांबले.

आणि मग पडले. ऋजुतानं त्यांना वीस-पंचवीस वेळा पडताना पाहिलं होतं, यंत्रातून तर शेकडो वेळा. असे पडताना कधी पाहिलं नव्हतं. कुठलं पाऊल कुठे गेलं ते तिला सांगता आलं नसतं.

या वेळी ते लवकर उठले नाहीत. ऋजुता पुढे झाली, तशी रेशमानं तिचं मनगट धरलं.

“नको,” ती म्हणाली. “त्यांना मामंजी बघतायत.”

तात्या कोपरावर आले. थांबले. गुडघ्यावर आले. खिडकीकडे पाहून त्यांनी हसून दोन्ही हात जोडले, हरलेल्यानं जिंकलेल्याला जोडावेत तसे, आणि उभे राहिले. ताठ.

“उद्या परत येतंय, राजा. तयारीत रव.”

खिडकीतला तोंडाचा डावा कोपरा हलला की नाही, ते ऋजुताला नीट दिसलं नाही. तात्यांना दिसलं असावं.

दोघं परतीच्या वाटेला लागले. तात्यांच्या कोपराला खरचटलं होतं. ऋजुतानं आपला रुमाल ओला करून तिथे बांधला. त्यांनी बांधू दिला.

नारळांच्या सावल्या लांब झाल्या होत्या. वळणावर ती थांबली.

“तात्या, एक विचारू?”

“विचार.”

“रोज तुम्ही त्यांच्यासाठी हे पडायचं नाटक करता. त्यांना कळत असेल का, हे नाटक आहे म्हणून?”

तात्यांनी छत्री जमिनीला टेकवली. मागे, दामूंच्या घराच्या दिशेनं, क्षणभर पाहिलं...

“पडतंय ता खरा, चेडवा,” ते म्हणाले. “उठतंय, ता नाटक.”